ओटी म्हणजे काय हो? बडोद्यातल्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं ‘ओटी’ लिहिलेलं असतं. बाबा दचकतात, कारण त्यांना ऑपरेशन थिएटर आठवतं. आजी विचारते, कुणाची ओटी भरायची आहे? हसून झालं की खरे प्रश्न सुरू होतात. इथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि मी बडोद्यात मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून गोत्री, वाघोडिया रोडपर्यंतच्या मराठी घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. तुमच्या मुलाला न पाहता लिहिली आहेत, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

एवढ्याशा मुलाला कसला व्यवसाय?

कागदोपत्री ‘व्यवसायोपचार’ लिहितात, त्याने हा घोळ होतो. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. चार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे उठणं, दात घासणं, अंघोळ, शर्टाची बटणं, हाताने जेवणं, खेळणं, शाळेत टिकून बसणं आणि रात्री वेळेवर झोपणं. यातलं जे अडतं ते सोडवायचं, हे आमचं काम. म्हणून निदान काय आहे हे मी नंतर विचारते. आधी विचारते, दिवसात नेमकं कुठे अडतं?

जाता जाता सांगते, हे शास्त्र आपल्याकडे रुजवलं ते निंबकरांच्या घरच्या सुनेने. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं. दोन वर्षांनी थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

फिजिओथेरपी आणि यात फरक काय?

फिजिओ मुख्यतः हालचालीवर काम करतात: बसणं, उभं राहणं, चालणं, ताकद, तोल. त्या हालचालीने रोजचं काम कसं करायचं ते आम्ही बघतो. फिजिओमुळे मूल जिना चढलं, तर वर पोचल्यावर चपला काढणं आणि दप्तराची चेन उघडणं आमच्याकडे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारा अडथळा) असेल तर बहुधा दोन्ही लागतात.

थोडं थांबून बघू या का? शेजारच्या मासी म्हणतात, ‘एना पप्पा पण मोडा बोलेला.’

म्हणजे याचे पप्पाही उशिराच बोलले होते. मासींचं मन चांगलं आहे, पण पप्पांच्या वेळी कुणी मोजून पाहिलं नव्हतं. ढोबळ अंदाज असा. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलतं. दीड वर्षाचं होईतो बोट दाखवून ‘ते बघ’ असं तुम्हाला सांगू पाहतं, शब्द नसले तरी. तिसऱ्या वर्षी बघून गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकची खूण, पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. दोन-चार महिने मागेपुढे झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका. पण तीन-चार ठिकाणी मूल मागे दिसत असेल तर तपासणी करून घ्या. तपासून सगळं ठीक निघालं तर एक सकाळ गेली, एवढंच.

आधी येत असलेली गोष्ट बंद झाली तर मात्र अजिबात थांबायचं नाही. बोलत असलेले शब्द गेले, हाक मारल्यावर बघायचं ते बघेनासं झालं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि बोलणं उशिरा असेल तर सगळ्यात आधी कानांची तपासणी. ही पायरी गाळून थेट थेरपीला आलेली मुलं मी पाहिली आहेत.

‘सेन्सरी प्रॉब्लेम’ म्हणजे नेमकं काय?

पाच ज्ञानेंद्रियं शाळेत शिकलो, पण आमच्या कामात आणखी तीन जाणिवा येतात. एक तोलाची, जी कानाच्या आतल्या भागातून येते. दुसरी स्नायू आणि सांध्यांची. तिच्यामुळे अंधारातही आपला हात कुठे आहे ते कळतं. तिसरी शरीराच्या आतली: भूक, तहान, शी-शू, धडधड. हे सगळं एकाच वेळी मेंदूकडे येत असतं आणि मेंदू त्यातलं बरंचसं बाजूला सारतो. तुम्हाला आत्ता पाठीला टेकलेल्या शर्टाची जाणीव नव्हती, मी लिहीपर्यंत. काही मुलांचा मेंदू हे बाजूला सारत नाही. काहींच्या बाबतीत उलट होतं, त्यांना जाणीव पोचायलाच जोराचा धक्का लागतो.

माझ्याकडे येणारा एक साडेचार वर्षांचा मुलगा घ्या. घरचे रविवारी शेव-उसळ खायला बाहेर पडतात. हा फक्त शेव खातो, तीही रस्सा न लागलेली. एखाद्या शेवेला तर्रीचा थेंब लागला की ती दोन बोटांत लांब धरून आईकडे देतो. घरी वरण वाटीत, भात ताटात, आणि दोघांच्या मधे रिकामी जागा हवी. ‘लाडावलाय’ हे आजीचं निदान. पण त्याला अंघोळीनंतर ओला टॉवेल खांद्यावर नको, शर्टाचं लेबल कापून द्यावं लागतं, मातीत हात नको, केस कापताना दुकान डोक्यावर घेतो. हे सगळं एका ओळीत मांडल्यावर आजीच म्हणाली, म्हणजे याला ओलं-चिकट सहन होत नाही की काय? आजीचं हे दुसरं निदान बरोबर होतं.

दुसऱ्या टोकाची मुलं सोफ्यावरून उड्या मारतात, भिंतीला धडकतात, सगळ्यांना घट्ट मिठ्या मारतात, शर्टाची कॉलर चावून ओली करतात. वर्गात त्यांना ‘तोफानी’ म्हणतात. बऱ्याचदा त्यांचं शरीर स्नायूंना जाणवेल असं काहीतरी शोधत असतं.

रिपोर्टवर ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ लिहिलंय. म्हणजे ऑटिझम का?

नाही. उलट बाजूने मात्र संबंध आहे: ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या बऱ्याच मुलांना आवाज, स्पर्श, उजेड यांचा त्रास होतो, आणि २०१३ पासून अमेरिकन निदान-पुस्तिकेत ही गोष्ट ऑटिझमच्या निकषांमध्ये आहे. पण ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे त्या पुस्तिकेत स्वतंत्र निदान नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं होतं की हा शिक्का निदान म्हणून मारू नये, मागे दुसरं काही आहे का ते बघावं. माझंही मत तेच. ते शब्द त्रासाचं वर्णन म्हणून वाचा. मागे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), चिंता, कमी ऐकू येणं, किंवा काहीच नाव देण्यासारखं नाही, यातलं काय आहे ते डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे डॉक्टर) किंवा बालमानसतज्ज्ञ ठरवतील. आम्ही निदान करत नाही. करून देतो म्हणणाऱ्या थेरपिस्टपासून सावध राहा.

पहिल्या असेसमेंटला काय होतं?

दीड-दोन तास. त्यातला निम्मा वेळ तुमच्याशी बोलण्यात जातो आणि मूल खेळत असतं. खरं म्हणजे मी त्या वेळी त्यालाच बघत असते. मग मणी ओवणं, कात्री, चेंडू झेलणं, एका पायावर उभं राहणं, बुटाचा पट्टा. काही ठरावीक प्रश्नावल्या तुमच्याकडून आणि शाळेतल्या बाईंकडूनही भरून घेते.

झोक्यावर खेळवायचे एवढे पैसे?

हा प्रश्न बहुतेक बाबांचा असतो, आणि रास्त आहे. झोका, मोठा चेंडू, बोगदा ही साधनं जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टच्या सिद्धांतातून आली. १९६०-७० च्या दशकांत त्यांनी ‘सेन्सरी इंटिग्रेशन’ची, म्हणजे मेंदूत जाणिवांची सांगड कशी बसते याची, मांडणी केली. झोक्यावर पालथं झोपून समोरच्या टोपलीत चेंडू टाकायचा म्हटलं की मान उचलली जाते, पाठ कामाला लागते, डोळे आणि हात जुळवून घेतात. तेव्हा नुसतं झुलवणं आणि हे, यात फरक आहे.

पण पुरावा किती आहे हेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या १३८ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सेन्सरी इंटिग्रेशन मिळालेल्या मुलांच्या वागण्यात, नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. कुटुंबाने स्वतः ठरवलेली उद्दिष्टं मात्र पुढे सरकलेली दिसली. त्यामुळे ‘सेन्सरी सुधारणं’ असं उद्दिष्ट मी लिहीत नाही. ‘जूनपर्यंत शाळेत स्वतः डबा उघडून निम्मा खाईल’ असं लिहिते. डबा उघडायला शिकवायचा तर कधीतरी डबा हातात द्यावाच लागतो. सहा महिने झोका आणि डब्याचं नाव नाही, असं चाललं असेल तर थेरपिस्टला विचारा.

किती दिवस लागतील? बरं होईल ना?

आठवड्याला एक ते तीन सेशन, आणि तीन महिन्यांनी उद्दिष्टांकडे परत बघायचं, ही माझी पद्धत. बटणं, चमचा, कात्री यांना काही आठवडे ते काही महिने लागतात. शांत बसणं, गर्दी सहन करणं यांना जास्त. ऑटिझम ‘बरा’ होत नाही, तो आजार नाहीच. मुलाचा आणि घराचा दिवस सोपा होतो. ‘शंभर टक्के खात्री’ची पाटी दिसली तर पुढच्या चौकात वळा.

घरी काय करायचं?

आठवड्यात एकशे अडुसष्ट तास असतात, त्यातले दोन माझे. तेव्हा खरं काम तुमच्याकडेच आहे. पण त्यासाठी ऑनलाइन महागडी खेळणी मागवू नका. मराठी स्वयंपाकघरासारखी सामग्री माझ्या सेंटरमध्येही नाही.

धडपड्या मुलाला जोर लावायची कामं द्या. कणकेचा गोळा मळायला, सोऱ्या फिरवायला, भाजीची पिशवी लिफ्टपर्यंत उचलायला, धुतलेले पायपुसणे पिळायला. अभ्यासाला बसण्याआधी दहा मिनिटं असं काम झालं की पुष्कळ मुलं निवांत बसतात. बोटांसाठी मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे लावणं, रांगोळीची चिमूट. चिमटीतून रांगोळी एका धारेत सोडणं भल्या भल्या मोठ्यांना जमत नाही. कमाटीबागेत गेलात तर मुलाला गवतावर लोळू द्या, उतारावर पळू द्या, वाफ्याच्या कडेच्या विटांवरून तोल सांभाळत चालू द्या. कपडे मळतील.

ओलं-चिकट नको असलेल्या मुलाचा क्रम वेगळा. आधी कोरडं: परातीत तांदूळ, त्यात लपवलेली गाडी. मग रवा. मग घट्ट कणीक, नंतर थोडी सैल. हात पुसायला फडकं शेजारीच ठेवा आणि हवं तेव्हा पुसू द्या. शेव-उसळवाल्या मुलाने चार महिन्यांनी भाताच्या एका टोकाला वरण लावू दिलं. बोटाने नाही, चमच्याने. आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या.

सेशनमध्ये मूल रडतं. रडू द्यायचं का?

नवीन जागा, नवीन बाई, दोन-तीनदा रडणं समजू शकतं. रोज रडत असेल तर चूक आमची. मी स्वतः केलेली सांगते. काम सुरू केलं त्या वर्षी एका मुलीचा हात मी मनगटाला धरून शेव्हिंग फोममध्ये बुडवला. ‘एकदा लागलं की भीती जाईल’ असं मला वाटलं होतं. ती ओकली. पुढचे तीन आठवडे ती दाराच्या आत आली नाही, जिन्यावर बसायची. शेवटी मी चटई जिन्यावर नेली आणि तिथेच मणी ओवले. तेव्हापासून माझ्याकडे हात धरून काही करायला लावत नाहीत. कुणी तुमच्या मुलाला असं करत असेल तर मधे पडायचा तुम्हाला हक्क आहे. आणि ‘पालकांनी बाहेर थांबा’ एवढंच उत्तर मिळत असेल, आत काय चाललंय ते दाखवतच नसतील, तर मला ते पटत नाही.

अक्षर फार वाईट आहे. शाळेत गुजराती, घरी आजोबा मराठी शिकवतात, म्हणून गोंधळतोय का?

गोंधळ थोडा होतो, पण वाटतो त्या ठिकाणी नाही. गुजरातीला शिरोरेषा नसते, अक्षर खालच्या ओळीवर बसतं. देवनागरी वरच्या रेषेला लटकते. ज्याची नजर आणि हात अजून नीट जुळलेले नाहीत, त्याला बसवायचं की लटकवायचं हे प्रत्येक वहीला आठवावं लागतं. एकाच आठवड्यात दोन्ही लिपी शिकवायचा आग्रह नको. एका लिपीत हात बसला की दुसरी पटकन येते. आजोबांनी तोवर वाचून दाखवावं.

बाकी लिहिण्याआधी बसणं बघा. पाय हवेत लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. पायाखाली देवघरातला जुना पाट ठेवा, पुष्कळ फरक पडतो. पेन्सिल लांब नको. खडूचा किंवा पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा दिला की बोटं आपोआप चिमटीत येतात. कागद भिंतीला चिकटवून उभ्याने रंगवू द्या, मनगट योग्य तऱ्हेने वळतं. आणि पाच वर्षांच्या आत रेघांच्या वहीत पान पान लिहून घेऊ नका. अक्षर सुधारतं ते शेवटी लिहूनच, नुसत्या पुटीने (बोटांनी मळायच्या मऊ गोळ्याने) आणि झोक्याने नाही, पण त्यासाठी वय यावं लागतं.

घरात मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी. एकच भाषा ठेवू का?

दोन-तीन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही, ऑटिझम तर होतच नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता, तीच बोला.

नवरात्र, उत्तरायण, गणपती यांचं काय करायचं?

बडोद्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. गरब्याच्या मैदानावर हजारो माणसं, छातीत धडधडणारे स्पीकर, आणि आपलं मूल कानांवर हात दाबून जमिनीवर बसलेलं. ते नाटक नसतं. त्या क्षणी समजावू नका, रागावू नका, ‘बघ सगळे कसे नाचतात’ म्हणू नका. उचला, बाहेर न्या, कमी बोला, घट्ट धरणं आवडत असेल तर धरा.

पण आधी तयारी करता येते. लहान सोसायटीचा गरबा निवडा. स्पीकर लागण्याआधी, सात वाजताच, मैदान दाखवून आणा. फोनवर त्याच गाण्यांचा आवाज आदल्या आठवड्यापासून हळूहळू वाढवत ऐकवा. आवाज अडवणारे कानावरचे मफ जवळ ठेवा, मात्र दिवसभर घालून ठेवू नका, कान आणखी हळवे होतात. परत निघायची खूण आधी ठरवा. बोलता न येणाऱ्या मुलाच्या खिशात एक कार्ड द्या, ते दाखवलं की निघायचं. आणि खरंच निघायचं, ‘अजून एक राउंड’ नाही.

उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारी असे दोन दिवस गच्चीवर पिपाण्या, लाउडस्पीकर आणि ‘ए काप्यो!’च्या आरोळ्या. दुपारचे दोन तास घरात, पडदे ओढून सुट्टी द्या. फिरकी धरायचं काम अशा मुलांना पुष्कळदा आवडतं, ओढ हाताला जाणवते म्हणून. मांजा मात्र हातात नको. गणपतीच्या आरतीत झांज त्याच्याच हातात द्या. स्वतः केलेला आवाज कमी त्रास देतो.

मोबाइलमुळे झालं का हे?

ऑटिझम मोबाइलमुळे होत नाही. पण मोबाइल हातात असताना मूल रांगत, चढत, भांडत, मळत नाही, आणि वाढ त्यातूनच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं: पहिली दोन वर्षं पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाच्या आत. सगळ्यात आधी जेवतानाचा मोबाइल बंद करा. अवघड जाईल, पहिले चार दिवस मूल कमी जेवेल.

वजनी जॅकेट, अंगावर फिरवायचे ब्रश, कान-थेरपीचे हेडफोन घेऊ का?

पुरावा कमकुवत आहे, पैसे वाचवा. लहान मुलाला वजनी पांघरूण घालून झोपवू नका, ते त्याला स्वतः बाजूला सारता आलं नाही तर धोका आहे.

शाळेला सांगावं का?

सांगा. लपवलं तर मूल ‘मुद्दाम करतं’ असं ठरतं. निदानाचं नाव सांगायची घाई नसेल तर गरजा सांगा: पंख्याखालची नको, भिंतीलगतची जागा, अर्ध्या तासाने वर्गात वह्या वाटायचं काम, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कायदा दाखवण्याआधी वर्गशिक्षिकेबरोबर चहा घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सरकारी मदत काय मिळते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. खासगी शाळेतलं मूल असेल तर सयाजी हॉस्पिटलच्या बालरोग विभागातून सुरुवात करा.

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येतात. नुसती सेन्सरी अडचण किंवा एडीएचडी येत नाही. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज ऑनलाइन होतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बघाच. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि ठरलेल्या मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो. बिलं जपून ठेवा. अर्ध्या पालकांचे पैसे बिल हरवल्यामुळे बुडतात.

थेरपिस्ट कसा निवडावा?

बी.ओ.टी. किंवा एम.ओ.टी. ही ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आहे का, ते विचारा. शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावणारेही आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची नोंदणी आणि नियमन आणलं आहे, तेव्हा नोंदणीबद्दलही विचारा. मग बघा: उद्दिष्टं लिहून देतात का, घरी काय करायचं ते दाखवतात का, आणि मुलाशी बोलतात की मुलाबद्दल तुमच्याशी.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हती हो ही थेरपी. कसं समजावू?

समजावू नका, एका सेशनला घेऊन या. आजी-आजोबांना कोपऱ्यातली खुर्ची देते आणि मध्येच काम सांगते: आजी, जरा हा डबा घट्ट लावून द्या. पुढच्या वेळी आजीच डबा घरून आणते. आणि त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्यही आहे. वाड्यातल्या मुलांना झाड, विहिरीची बादली, अंगणातली माती आणि दहा भावंडं होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते सगळं आपल्याला मुद्दाम जुळवून आणावं लागतं. तेव्हाही अडणारी मुलं होतीच, त्यांना घरातच ठेवत.

पहिल्या दिवशी काय आणू?

त्याचा रोजचा चमचा, पाण्याची बाटली, शाळेचा डबा आणि आवडतं खाणं. जुन्या वह्या, वाईट अक्षरातल्या मुद्दाम. घरच्या जेवणाचा आणि कपडे घालतानाचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ, सजवलेला नको, जसा रोज होतो तसा. आधीचे रिपोर्ट, कानांची तपासणी झाली असेल तर तीही. सोपे बूट घालून पाठवू नका, अडणारेच घाला. आणि आदल्या रात्री नखं कापायला बसू नका. घरी तो तमाशा होत असेल तर नेलकटरही बरोबर आणा.